मुर्ध्याच्या बांधासाठी गॉगल

गॉगल घ्यायला निघण्याआधी मी एका कागदावर सात मुद्दे लिहिले. कंपनीच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर माणूस मागणीपत्राशिवाय टाचणीही घेत नाही. मुद्दे असे होते: चकाकी कापली पाहिजे, नुसता अंधार नको. बाजूने ऊन शिरता कामा नये. काचेतून सरळ रेघ सरळच दिसली पाहिजे. खाऱ्या हवेत गंजेल असा एकही स्क्रू नको. घाम आला तरी नाकावरून घसरू नये. गळ बांधताना पटकन वर सरकवता आला पाहिजे, कारण जवळचं बघायला मला वेगळा चष्मा लागायचा. आणि सातवा, मागे दोरी बांधायची सोय हवी, कारण खाडीत पडलेली वस्तू परत मिळत नाही.

आठवा मुद्दा मला सुचला नाही. तो पुढे येईल.

हा गॉगल मिरवण्यासाठी नव्हता. रविवारी मी खाडीवर मासे धरायला बसत असे, आणि गॉगल बरोबर निघाला नाही तर ते बसणं बंद होणार होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. खाडी बंद म्हणजे माझा रविवार बंद, आणि आठवड्यात ज्या एका माणसाशी मी मराठीत मनापासून बोलत होतो तोही बंद.

नव्वदच्या आसपास गिरगावातली खोली सोडून आई आणि मी भाईंदर पश्चिमेला राहायला आलो. घरही मी यादी करूनच निवडलं होतं. आईच्या गुडघ्यांसाठी तळमजला, वाऱ्यासाठी पश्चिमेची खिडकी, चालत पोचता येईल इतक्या अंतरावर डॉक्टर. प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण झाली. आई त्या घरात अकरा महिने राहिली. त्यानंतर तळमजल्याचं कारण उरलं नाही, घर तेवढं राहिलं.

बिल्डिंगमधली माणसं भली होती. गुजराती, मारवाडी, एक-दोन दक्षिणेकडची कुटुंबं. जिन्यात भेटलं की "कैसे हो अंकल" म्हणायची आणि उत्तर ऐकायलाही थांबायची. पण एका रविवारी मी दिवसभरात किती वाक्यं बोललो ते लिहून ठेवलं. दूधवाल्याशी दोन, वाण्याशी तीन, पेपरवाल्याशी एक, वॉचमनशी एक. एकूण सात, सगळी हिंदीत. तो कागद मी फाडून टाकला. सहसा मी कागद फाडत नाही.

भाईंदरला लागून असलेल्या मुर्ध्याला पहिल्यांदा गेलो तो निव्वळ वेळ घालवायला. गावातला रस्ता संपतो तिथून मिठागराचा बांध सुरू होतो. बांधाच्या मध्यावर उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची आणि अडवायची लाकडी फळ्यांची दारं. तिथे एक म्हातारे कोळी उकिडवे बसले होते. माझी पावलं ऐकून त्यांनी मान न वळवताच दोन्ही हात पुढे केले. एका हातात गळ, दुसऱ्यात नायलॉनची दोरी.

"ओ सायेब, जरा ह्यो गल बांदून द्या. मना दिसत न्हाय."

"दिसत नाही तर साहेब आहे हे कसं कळलं?"

"बुटाचा आवाज येतोय. हितं बूट घालून कोन येतंय?"

मी गाठ मारून दिली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, मग ओठांना लावून पाहिली.

"ही पार्सलची गाठ हाय. मासा काय पोस्टानं जानार हाय?"

मग माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यांनी खरी गाठ शिकवली. पाच वेढे, टोक मागे वळवून पहिल्या वेढ्यातून बाहेर, थुंकी लावून हळू ओढायचं. त्यांची बोटं खरखरीत आणि गार होती. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या हाताला हात लावत होतं.

पुढच्या रविवारी मी पेपरातली भरतीची वेळ वहीत उतरवून नेली. ती वाचून दाखवली तेव्हा त्यांना गंमत वाटली.

"वहीत बगून भरती कलते व्हय? म्हंजे तुमी मास्तर."

मी मास्तर नाही, स्टोअरकीपर आहे, असं मी दोनदा सांगितलं.

"स्टोअरमदी वही नसते काय?"

"असते."

"मग झालं की."

तेव्हापासून मी मास्तर आणि ते काका. आमची वाटणी ठरून गेली. आमिषाची कोळंबी ते आणायचे, गळ मी बांधायचो. शनिवारी घरी चांगल्या उजेडात त्यांच्यासाठी सहा गळ बांधून पुठ्ठ्याला अडकवून ठेवायचं हे माझं काम झालं. आठवड्यातल्या बाकी कामांच्या यादीत ते सर्वांत वर असायचं.

काका जन्मभर होडीवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा पुतण्याने त्यांना होडीवरून उतरवलं. रोज सकाळी पुतण्याची बायको, म्हणजे त्यांची सून, त्यांना बांधापर्यंत सोडायची आणि ऊन चढलं की न्यायला यायची. दोरी बोटावर घेऊन ते बसायचे. मासा लागला हे बोटाला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. "बांधावर बसून गल टाकनं हे बायकांचं काम," ते म्हणायचे. थोड्या वेळाने पुढे जोडायचे, "आनी मास्तर लोकांचं."

एकदा त्यांनी मी लग्न का केलं नाही ते विचारलं.

"यादी लांब होती."

"कसली यादी?"

"मुलगी कशी हवी त्याची."

काका बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "गल बारीक हाय, गल मोटा हाय, असं करता करता ओटी लागते, मास्तर." त्यावर मीही हसलो. घरी जाताना ओहोटी लागलेली होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता, आणि मला ते हसणं तितकंसं आठवेना.

असे दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे गेले. उन्हाळ्यात समोर पाणी आणि पाठीमागे मिठाचे पांढरे ढीग, दोन्हीकडून चकाकी यायची. माझे डोळे लाल व्हायला लागले. नाकाकडच्या कोपऱ्यात वाळू गेल्यासारखं टोचायचं. दुसरा पावसाळा सरत आला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं की बुबुळावर एक पातळ पापुद्रा चढत चाललाय. ऊन, वारा, पाण्यावरची चकाकी, ही त्याची कारणं. "एक तर तिकडे जाणं सोडा, नाहीतर गॉगल चांगला घ्या. नुसता काळा नको. त्याने बाहुली मोठी होते आणि ऊन जास्तच आत जातं."

म्हणून तो सात मुद्द्यांचा कागद.

भाईंदर स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात मी कागद काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो न वाचताच एक सोनेरी काड्यांचा गॉगल पुढे केला.

"ये पहनो अंकल, हीरो लगोगे."

"हीरो नहीं बनना है, मछली पकड़नी है."

"तो मछली आपका चेहरा देखेगी क्या?"

तो सोनेरी गॉगल चौथ्या मुद्द्यावर बाद झाला. बाकीचे मी एकेक करून हात लांब करून धरले आणि काचेतून दुकानाच्या शटरची उभी पट्टी बघत गॉगल डावीउजवीकडे हलवला. चांगल्या काचेत पट्टी जागची हलत नाही. चारांत ती सापासारखी वळवळली. उरलेल्यांसाठी मी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. आमच्या ऑफिसात पूर्वी जहाजावर काम केलेला एक इंजिनियर होता, त्याची ही युक्ती. कॅल्क्युलेटर चालू करायचा, आकडे काचेतून बघायचे आणि काच हळूहळू फिरवायची. चकाकी कापणारी काच असेल तर एका कोनात आकडे काळोखात बुडतात. नुसती रंगवलेली असेल तर काही होत नाही. दुकानदाराला यात इतका रस वाटला की त्याने कपाटातला सगळा माल खाली काढून स्वतःच फिरवून पाहिला. एकातही आकडे बुडाले नाहीत. "अंकल, आपने तो मेरी दुकान ही फेल कर दी," असं म्हणून त्याने चहा मागवला.

शेवटी फोर्टमधल्या एका जुन्या दुकानात मिळाला. तपकिरी काच, जाड प्लॅस्टिकची फ्रेम, बाजूंनी डोळे झाकतील अशा पट्ट्या. गेली कित्येक वर्षं तो एकच नग खणात पडून होता, कारण तो कुणालाच शोभत नव्हता. कॅल्क्युलेटरवरचे आकडे मात्र दिवा विझावा तसे गेले. सातही मुद्द्यांपुढे मी खूण केली आणि गॉगल घेऊन बाहेर पडलो. आरशात बघायचं राहूनच गेलं.

त्या रविवारी मी काकांच्या आधी बांधावर पोचलो. गॉगल लावून खाली पाहिलं आणि थोडा वेळ गळ टाकायचंच विसरलो. पाण्यावरची पांढरी साय कुणीतरी अलगद काढून घेतली होती. उघाडीच्या खांबाशी बोईट माशांच्या काळपट पाठी एका दिशेने तोंड करून उभ्या होत्या. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर बसलो होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. हे काकांना सांगायचं म्हणून मी मनात वाक्यं जुळवून ठेवली.

सून त्यांना घेऊन आली. वीसएक पावलांवर ती थांबली, माझ्याकडे पाहून त्यांच्या कानात काहीतरी बोलली. काका तिथेच उभे राहिले.

"मास्तर, काला गॉगल घातलाय म्हनं?"

"हो. डोळ्यांना त्रास होत होता. डॉक्टरांनीच सांगितलं."

"असू दे, असू दे. तितंच बसा तुमी."

आणि ते उघाडीच्या पलीकडे जाऊन बसले. मी गळांचा पुठ्ठा घेऊन उठलो तर सून म्हणाली, "नको, नको. मी बांदून दिलेत." तिने मूठभर कोळंबी कागदावर घालून मधल्या एका दगडावर ठेवली, माघारी गेली आणि हात धुतले. मी ती उचलली. बोईटांच्या पाठींविषयी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

पुढचा रविवार असाच गेला, त्याच्या पुढचाही. बोलणं व्हायचं, पण उघाडीच्या दोन बाजूंनी, मोठ्याने, भरती आणि वाऱ्यापुरतं. घरी येऊन मी कारणांची यादी केली. मला मासे जास्त मिळायला लागले होते, ते एक. माझ्या लग्नाच्या बोलण्यावर मी काही वेडंवाकडं बोललो होतो का, ते दुसरं. बांधावर शहरी सोंग आणलं, ते तिसरं. चौथं असं की गळ बांधायला आता त्यांना दुसरं माणूस मिळालं होतं आणि माझी गरज संपली होती. चौथ्याखाली मी रेघ ओढली. ते सर्वांत सरळ होतं, आणि स्टोअरमध्ये काम करणाऱ्याला ते पटण्यासारखं होतं.

चौथ्या रविवारी मी गॉगल पिशवीत ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी बसलो. ऑक्टोबरचं ऊन होतं. तासाभरात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकांना सोडायला आलेली सून या वेळी थेट माझ्यापर्यंत आली आणि वाकून डोळ्यांत पाहू लागली.

"गेलं काय डोलं?"

"कुठे गेले?"

"आलं व्हतं ना तुमचं. साथीत."

मला समजायला जरा वेळ लागला. पावसाळा सरताना भाईंदरमध्ये डोळ्यांची साथ आली होती. दर चौथ्या माणसाच्या नाकावर काळा गॉगल होता, आणि तो बघून लोक रस्ता बदलत होते. आमच्याच ऑफिसात गॉगल लावून आलेल्या एका कारकुनापासून मी स्वतः टेबल लांब ओढून घेतलं होतं. बांधावर मात्र तो हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता.

"माझे डोळे आले नव्हते," मी म्हणालो. "हा उन्हासाठी आहे."

काका चाचपडत उघाडी ओलांडून आले आणि माझ्या शेजारी बसले. "दिवालीनंतर माजं ऑपरेशन ठरलंय. डाक्टर बोलला, डोलं आलेल्या मानसाच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाय. न्हायतर परत पुढं ढकलतील."

"मग मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? तुमीच बोललात डाक्टरनं दिलाय."

ते खरं होतं. मी विचारलं, "सूनबाईंनी बांधलेले गळ कसे आहेत?"

सून ऐकत होती, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "पार्सलची गाठ."

मी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. घरी जाऊन गॉगलच्या कागदावर आठवा मुद्दा लिहिला: आरशात बघणे.

ऑपरेशनच्या दिवशी पुतण्या होडीवर होता, म्हणून मी रजा टाकून काकांबरोबर गेलो. एकाच डोळ्याचं होतं, आत भिंग बसवलं. कोणतं औषध कधी घालायचं त्याचा तक्ता मी करून दिला, लाल बाटलीपुढे लाल ठिपका, हिरवीपुढे हिरवा. पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर, तुमी तर म्हातारं हाव. आवाजावरनं मी जवान समजत व्हतो."

दीड-दोन महिन्यांनी ते बांधावर आले ते एकटे, सुनेला न घेता. माझा पुठ्ठा त्यांनी घेतला, पण त्यातला एक गळ सोडून पुन्हा स्वतः बांधला, माझ्याहून चटकन. मग खिशातून इस्पितळातला हिरवा गॉगल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"पुतन्या बोलतोय, होरीवर ये. डाक्टर बोलला, चांगला गॉगल असंल तर जा, साध्यानं भागनार न्हाय. तुमी बगा. ह्यो चालंल?"

मी नीट पाहिलं. बाजू उघड्या होत्या. बिजागरीचा स्क्रू तेवढ्यातच तांबूस झाला होता. बांधाची कड काचेतून वळवळत होती. कॅल्क्युलेटरवरचे आकडे जसेच्या तसे राहिले.

"नाही चालणार."

"मग ऱ्हायलं," काका म्हणाले आणि दोरी बोटावर घेतली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. पलीकडे, जिथे खाडी रुंद होत समुद्राकडे वळते, तिकडे ते बघत राहिले. माझा गॉगल माझ्या नाकावर होता. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. त्या आठवड्यात स्टोअरमध्ये माझ्या दोन नोंदी चुकल्या, जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं. शनिवारी सहा गळ बांधून झाल्यावर मी एका कागदावर उभी रेघ मारून दोन बाजू केल्या. डावीकडे काकांना गॉगल कशासाठी हवा, उजवीकडे मला कशासाठी. डावी बाजू भराभर झाली: समुद्र, दिवसभराचं ऊन, नवा डोळा. उजवीकडे मी जे लिहिलं त्यात डोळ्यांविषयी एकच ओळ होती, बाकीच्या रविवारविषयी.

रविवारी मी गॉगल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला, दोरी मानेमागे घट्ट केली आणि खाली वाकले. 

"तल दिसतंय ह्यात," ते म्हणाले. "खांबाला बोईट उभं हायत."

"माहीत आहे."

"आनी तुमी काय करनार?"

"मी दुसरा घेईन."

"मग दुसरा मनाच द्या की."

"दुसरा होडीवर चालणार नाही. बांधावर चालेल."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या जाड तपकिरी काचांमागचे डोळे मला दिसत नव्हते. तो गॉगल चेहऱ्यावर कसा दिसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. खरंच कुणालाही शोभण्यासारखा नव्हता.

दुसरा मी भाईंदरच्याच दुकानात घेतला. शटरची पट्टी सरळ दिसली, बाजू झाकलेल्या होत्या, कॅल्क्युलेटर काढलाच नाही. "मछली छोड़ दी क्या अंकल?" दुकानदाराने विचारलं. मी नाही म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, पण बसले नाहीत. त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि ओल्या जाळ्याचा वास येत होता. गॉगल कपाळावर सरकवलेला होता, सहाव्या मुद्द्याप्रमाणे. त्यांनी कागदात बांधलेले बोंबील माझ्याजवळ ठेवले.

"बसा ना."

"न्हाय मास्तर. पानी चढतंय, होरी लागलीय." त्यांनी माझ्या नाकावरचा गॉगल काढून घेतला, डोळ्याला लावून पाण्याकडे पाहिलं आणि परत दिला. "ह्यो बेकार हाय. ह्यात नुसतं आभाल दिसतंय."

"माहीत आहे."

ते बांधावरून गेले, न चाचपडता, भराभर. वळणावर थांबून त्यांनी हात केला. इतक्या लांबून मी त्यांना दिसत होतो, हे माझ्या लक्षात आलं. मीही हात केला. मग आमिष लावायला वाकलो तर पिशवीत सहा गळांचा पुठ्ठा होता, शनिवारी नेहमीप्रमाणे बांधून ठेवलेला. त्यातला एक सोडवून मी माझ्या दोरीला लावला. उरलेले पाच मला उन्हाळ्यापर्यंत पुरले.